वायफाय बंद, पण तत्त्व शाबूत!



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. आजही तो सुरू होतो, छपाई होते, मुलांचे प्रोजेक्ट होतात. पण त्यात सापडणारी नवी भोके मुदतवाढ घेतल्याशिवाय कंपनी बुजवत नाही. विंडोज ११ टाकावी म्हटले तर तिला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसरही नवा लागतो. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची बहुतेक यंत्रे तिच्या यादीतच नाहीत. म्हणजे २०१६ साली अब्बांनी हप्त्याने घेतलेला, अजून धडधाकट असलेला संगणक कागदोपत्री म्हातारा ठरला.

अशा घरात कॉलेजात जाणारा एखादा भाचा हमखास म्हणतो, "मामू, लिनक्स टाका ना, फुकट आहे." आणि मामू हमखास विचारतात, "एवढी चांगली आणि फुकट, तर मग इतकी वर्षे कुणाच्या घरी दिसली का नाही?"

मामूंचा प्रश्न बरोबर आहे, आणि 'जाहिरात नव्हती' एवढ्याने तो सुटत नाही. ही प्रणाली घडवणाऱ्यांच्या घरातच तीस वर्षे एक भांडण चालू आहे. ती आपल्या रिवाजाप्रमाणे ठेवायची, की ज्याला त्यातले काही कळत नाही त्यालाही वापरता येईल अशी करायची? आपल्या घरातला जुना संगणक भंगारात जाणार की दहावीच्या मुलीच्या कामी येणार, हे बऱ्याच अंशी या भांडणाच्या निकालावर ठरते. म्हणून या वेळी तेच सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात दोन अर्थ दडलेले असतात, म्हणून तिथल्या लोकांना फार समजावत बसावे लागते. आपल्या घरांत 'आझाद' वेगळे आणि 'मोफत' वेगळे, हे पोरालाही कळते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ग्नू प्रकल्प जाहीर केला तो आझाद प्रणालीसाठी. ती कुणीही चालवावी, आतली मांडणी उघडून पाहावी, हवी तशी बदलावी आणि शेजाऱ्यालाही द्यावी, असे त्यांचे म्हणणे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातला एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने प्रणालीचा गाभा लिहायला घेतला. तेच लिनक्स. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी हे सुटे भाग गोळा करून एकत्र बांधून देणारा डेबियन प्रकल्प सुरू केला. आपण सरसकट 'लिनक्स' म्हणतो तो अशा अनेकांचा मिळून उभा राहिलेला संसार आहे.

यातल्या बहुतेकांनी काम केले ते आधी स्वतःसाठी. स्वयंपाक करणारीच जेवायला बसणार असेल तर मिठाचा डबा कुठे आहे याची चिठ्ठी कुणी लिहून ठेवत नाही. प्रणाली बसवताना डिस्कचे तुकडे किती करायचे, मॉनिटर किती वेगाने ताजा होतो, माऊस कोणत्या जातीचा आहे, असे प्रश्न ती सरळ माणसालाच विचारी. ज्याला उत्तरे येत त्याला त्यात काही वावगे वाटत नसे. उलट, आपण ही परीक्षा पास झालो याचा थोडा अभिमानही असे. पुढे पुढे ही परीक्षाच रिवाज बनली.

रिवाज कसे बनतात याचा एक नमुना या क्षेत्रातच आहे आणि तो मला फार आवडतो. लिनक्सच्या पोटात 'बिन' नावाचा एक कप्पा असतो. त्यात हुकूम पाळणारे छोटे कार्यक्रम ठेवलेले असतात. आणखी एक कप्पा 'यूएसआर' नावाचा, आणि त्याच्या आत पुन्हा एक 'बिन'. दोन 'बिन' कशाला? याची विद्वत्तापूर्ण कारणे पुस्तकांतून वर्षानुवर्षे सांगितली गेली. मूळ हकिकत साधी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवत होते. तेव्हाची डिस्क इतकी लहान, की आजच्या मोबाइलवर काढलेले दोन-चार फोटो तिला भरून टाकतील. एक डिस्क भरली. म्हणून उरलेले सामान दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि तिथे त्याच नावाचा कप्पा केला. बस्स, एवढेच! जागेची अडचण केव्हाच संपली, पण कप्पे राहिले आणि त्यांच्याभोवती शास्त्र तयार झाले. फेडोरा या प्रणालीने २०१२ साली ते एकत्र केले तेव्हा केवढा वाद झाला! डेबियनला ते काम पुरे करायला २०२३ उजाडले.

या कप्प्यांमुळे तुमच्या-आमच्यासारख्यांचे काही बिघडत नव्हते. पण दुसरा एक रिवाज असा होता की ज्याने घराच्या दारातूनच माणूस परत जाई. तो वायफायचा.

लॅपटॉपमधल्या वायफायच्या तुकड्याला स्वतःचा एक छोटा कार्यक्रम लागतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो त्या तुकड्यात भरल्याशिवाय तुकडा जागा होत नाही. बहुतेक कंपन्या हे फर्मवेअर वापरायला देतात, पण उघडून पाहायला देत नाहीत. म्हणजे ते मोफत आहे, आझाद नाही. डेबियनने १९९७ साली आपला एक जाहीरनामा केला होता, त्याला ते सामाजिक करार म्हणतात. आमची प्रणाली शंभर टक्के आझाद राहील, असे वचन त्यात आहे. म्हणून डेबियनच्या अधिकृत प्रतीत हे बंद फर्मवेअर घालायचे नाही असे ठरलेले होते. ते वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असे. हवे त्याने इंटरनेटवरून उतरवून घ्यावे.

आता गंमत पाहा. ज्याच्या लॅपटॉपला तारेचे इंटरनेट नाही, फक्त वायफाय आहे, त्याने वायफाय चालू करण्यासाठी लागणारी वस्तू इंटरनेटवरून उतरवून घ्यायची! विहिरीतून पाणी काढायला दोर हवा आणि दोर विहिरीच्या तळाशी. जाणकार माणूस दुसऱ्या संगणकावरून पेन ड्राइव्हने ते आणी. फर्मवेअर आधीच घातलेली एक अनधिकृत प्रतही डेबियनचेच लोक तयार करत. पण तिचा पत्ता मुख्य दारावर लिहिलेला नसे, ज्याला माहीत त्याला माहीत. बाकीच्यांना वाटे की आपलाच संगणक खराब आहे किंवा लिनक्सच टाकाऊ आहे. तत्त्व शाबूत राहिले आणि माणूस विंडोजकडे परत गेला. तिथे तर सगळेच बंद. मग आझादीचे नेमके काय भले झाले?

हा प्रश्न बाहेरच्यांनी नाही, डेबियनच्या आतल्याच मंडळींनी उभा केला, आणि २०२२ मध्ये त्यावर सर्व सदस्यांचे मतदान झाले. निकाल असा लागला की अधिकृत प्रत एकच राहील, तिच्यात बंद फर्मवेअर असेल आणि त्यासाठी सामाजिक करारात तशी दुरुस्ती करायची. जून २०२३ मध्ये आलेली डेबियन १२ ही अशी पहिली आवृत्ती. पण मला महत्त्वाची वाटते ती त्या ठरावातली पुढची अट. कोणते बंद फर्मवेअर भरले गेले हे वापरणाऱ्याला सांगायचे, आणि ज्याला ते नकोच असेल त्याला सुरुवातीलाच ते बंद ठेवण्याची सोय द्यायची.

आपल्या वाचकांना हा मार्ग अनोळखी वाटू नये. मुसाफिराला नमाज कस्र करण्याची सवलत आहे. पाणी मिळत नसेल किंवा आजारामुळे चालत नसेल तर तयम्मुम आहे. या सवलतीमुळे वजूचे महत्त्व कमी झाले असे कोणताही आलिम म्हणत नाही, आणि पाणी मिळाले की तयम्मुम पुढे चालत नाही. ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही. संगणकाची प्रणाली म्हणजे काही दीन नव्हे. पण तत्त्व सांभाळूनही अडलेल्यासाठी वाट ठेवता येते, आणि ती वाट ठेवणारा बेतत्त्वाचा ठरत नाही, हे समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

डेबियनने २०२२ मध्ये जे केले ते उबुंटूने आठरा वर्षे आधी केले होते. मार्क शटलवर्थ हे दक्षिण आफ्रिकेचे गृहस्थ. इंटरनेट-सुरक्षेची आपली कंपनी विकून ते श्रीमंत झाले आणि २००२ मध्ये स्वखर्चाने अवकाशातही जाऊन आले. पूर्वी ते स्वतः डेबियनमध्ये काम करत. २००४ मध्ये त्यांनी काही जाणकार पगारावर घेतले, डेबियनचाच पाया घेतला आणि त्यावर सामान्य माणसासाठी घर बांधायला घेतले. 'उबुंटू' हा दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांमधला शब्द आहे, माणुसकी अशा अर्थाचा. पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली. त्या वेळी डेबियनची ताजी पक्की आवृत्ती २००२ ची होती आणि पुढची यायला २००५ चा जून लागला. उबुंटूने दर सहा महिन्यांचा वायदा केला आणि एखाददुसरा अपवाद सोडता पाळला.

त्यांनी केलेल्या गोष्टी कागदावर अगदी किरकोळ दिसतात. एका कामाला एकच कार्यक्रम. पत्र लिहायला चार कार्यक्रम देऊन 'निवडा' म्हणायचे नाही. कारभाऱ्याचे वेगळे खाते आणि त्याचा वेगळा पासवर्ड हा युनिक्सचा जुना दंडक. उबुंटूने ते खाते बंदच ठेवले आणि माणसाचा स्वतःचा एकच पासवर्ड दोन्ही कामांना चालेल असे केले. जुन्या मंडळींना ते पाप वाटले. दोन पासवर्ड ठेवायला लावले तर घरात ते दोन्ही संगणकावरच चिकटवले जातात, हे त्यांना कुणी सांगायचे! वायफायसाठी लागणारी बंद फर्मवेअर पहिल्यापासून सोबत दिली. २००६ पासून एकच सीडी आली: आधी तिच्यावरूनच प्रणाली चालवून पाहा, आवडली तर त्याच पडद्यावरून बसवा. आणि इंटरनेट मंद असलेल्यांसाठी त्या सीडी छापून जगभर टपालाने मोफत पाठवल्या. भारतातही त्या येत. २०११ पर्यंत ही योजना चालू होती. गावातल्या ज्या मुलाला सातशे मेगाबाइट उतरवायला दोन रात्री लागल्या असत्या, त्याच्या दारात पोस्टमन ती घेऊन आला.

एक बारीक गोष्ट. तिलावतीच्या, नातच्या फाइली बहुतेक एमपी३ मध्ये असत. एमपी३ वर पेटंट होते, म्हणून आझाद प्रणालीत ते वाजवण्याची सोय नसे. फाइलवर दोनदा टिचकी मारली की काहीच होत नसे. उपाय होता, पण तो काळ्या खिडकीत इंग्रजी हुकूम टंकून करायचा. २०१० च्या उबुंटूत बसवतानाच एक चौकोन आला: हा टिक केला की एमपी३ वाजेल. सगळ्या तत्त्वचर्चेपुढे तो एक चौकोन दादीअम्मींच्या दृष्टीने मोठा होता. (पेटंटचा हा प्रश्न २०१७ च्या सुमारास मुदत संपून आपोआप मिटला.)

आता दुसरी बाजू. जुन्या मंडळींना हटवादी म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्यांचे म्हणणे असे, की 'सामान्य माणसासाठी' या नावाखाली उद्या काहीही खपवले जाईल. आणि खपवले गेले. ऑक्टोबर २०१२ च्या उबुंटूत असे झाले, की आपल्याच संगणकावरची फाइल शोधायला शब्द टंकला की तो शब्द इंटरनेटवरून कंपनीकडे जाई आणि उत्तरात ॲमेझॉनवरच्या विक्रीच्या वस्तूही दिसत. बंद करण्याची सोय होती, पण मुळात ती चालू ठेवलेली होती. घरच्या माणसाला कळणार कसे? स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटले. २०१६ च्या आवृत्तीत ते आपोआप चालू राहणे थांबले. हे जगापुढे आले ते परंपरेच्या राखणदारांमुळेच. त्यांनी आतली मांडणी उघडून पाहिली, आरडाओरडा केला. सामान्य माणसाच्या सोयीसाठी ज्यांना आपण 'किचकट' म्हणतो तेच सामान्य माणसाच्या खाजगीपणासाठी उभे राहिले, हे विसरू नये. मला विचाराल तर घरात दोघेही हवेत, दार उघडणाराही आणि दार तपासणाराही.

आणि 'सामान्य माणूस' म्हणजे नेमका कोण, हेही एवढे सोपे नाही. २०१० मध्ये उबुंटूने खिडकी बंद करण्याची, लहान करण्याची बटणे उजवीकडून डावीकडे नेली. लोक चिडले. शटलवर्थ यांचे उत्तर होते की सूचना जरूर करा, पण मांडणीचे निर्णय आम्ही मतदानाने घेत नाही. पुढच्याच वर्षी युनिटी नावाची सगळीच नवी मांडणी आली. खालची पट्टी गेली, डावीकडे उभी पट्टी आली, यादीतून कार्यक्रम निवडायचा त्याऐवजी नाव टंकून शोधायचा. त्याच वर्षी नोम या दुसऱ्या गटानेही आपली जुनी मांडणी मोडून नवी आणली. दोघांचाही दावा एकच, सामान्य माणसाला सोपे जावे.

पण ज्या बाईने दहा वर्षे सायबर कॅफेत किंवा शाळेच्या ऑफिसात विंडोज वापरली, तिचे बोट न पाहता डाव्या कोपऱ्यात खाली जाते. ती तिची परंपरा आहे. ती पुस्तकात लिहिलेली नाही, तिच्यावर कुणी वाद घालत नाही, पण ती तज्ज्ञांच्या परंपरेपेक्षा कमी खरी नाही. तज्ज्ञांचा रिवाज मोडताना उबुंटूचे चुकले नाही. घरच्या माणसाची सवय मोडताना चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे. लिनक्स मिंट नावाची प्रणाली २००६ पासून उबुंटूच्याच पायावर तयार होत होती. या गडबडीत तिने खाली पट्टी, कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ हे तसेच ठेवले, आणि उबुंटूला कंटाळलेले लोक तिच्याकडे वळले. युनिटी बंद करत असल्याचे उबुंटूने एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बटणेही पुन्हा उजवीकडे आली.

याच काळात आपल्या लोकांनीही एक प्रयोग केला होता, तो आज फार थोड्यांना आठवत असेल. २००७ च्या सुमारास काही मुस्लिम तरुणांनी उबुंटूवर आधारित 'उबुंटू मुस्लिम एडिशन' काढली. पुढे तिचे नाव 'सबीली' झाले, म्हणजे 'माझा मार्ग'. तिच्यात नमाजच्या वेळा सांगून अजान देणारा कार्यक्रम होता, हिजरी कॅलेंडर होते, कुरआनचा मजकूर, तर्जुमा आणि शोध एकत्र देणारा 'झिक्र' होता, आणि मुलांसाठी नको त्या साइट अडवणारी चाळणी होती. उबुंटूच्या २०११ च्या ऑक्टोबर आवृत्तीपर्यंत ती चालली, मग थांबली.

प्रयोग नेक होता, यात शंका नाही. पण मला त्यात एक शिकण्यासारखी गोष्ट दिसते. पूर्ण प्रणाली काढायची म्हणजे दर सहा महिन्यांनी मूळ घर बदलले की आपलेही घर पुन्हा रंगवायचे. मूठभर स्वयंसेवकांना ते किती वर्षे पेलणार? त्यातली खरी कमाई होती ते चार-पाच कार्यक्रम. ते कोणत्याही उबुंटूवर किंवा मिंटवर घालता येण्यासारखे होते. मुस्लिम घराला वेगळ्या संगणकाची गरज नव्हती. चांगल्या चालणाऱ्या संगणकात आपल्या गरजेच्या वस्तू मांडून देणारा कुणीतरी हवा होता. ही गरज आजही तशीच आहे.

विशेषतः भाषेच्या बाबतीत. आपल्या बहुतेक घरांत दोन लिप्या नांदतात. मुलगी मराठी माध्यमात, तिचे देवनागरी. दादांचे खत उर्दूत. कोकणात तर आखातातल्या भावाशी बोलणे तिसऱ्याच बोलीत. लिनक्सवर देवनागरी टंकायला काही विकत घ्यावे लागत नाही. सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला की झाले. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारी पद्धतही घालता येते. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात, 'ऱ्या'मधला र वेगळा असतो. या बारकाव्यांवर मेहनत घेतलेले मोफत फॉण्ट आज मिळतात. उर्दू मात्र बहुतेक वेळा नस्ख वळणात दिसते, आणि ज्यांचे डोळे नस्तालीकला सरावलेले आहेत त्यांना ते परके वाटते. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा गुगलचा फॉण्ट मोफत आहे, तो एकदा घातला की प्रश्न सुटतो. पण तो घालावा लागतो हे दादांना कोण सांगणार? तांत्रिकदृष्ट्या शक्य असणे आणि घरात ते झालेले असणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढ्याच अंतराविषयी मी एवढा वेळ बोलतो आहे.

मराठी मेनूविषयी थोडे. उबुंटू, मिंट यांचे पडदे मराठीत करता येतात, आणि स्वयंसेवकांनी त्यासाठी घेतलेले कष्ट मोठे आहेत. पण संगणकाच्या मराठीकरणात आपल्याकडेही परंपरेचा सोस आहेच. फाइलला कुणी 'धारिका' म्हणतो, कुणी 'संचिका'. शुद्धता सांभाळली जाते आणि वापरणारी बाई बिचारी मेनू इंग्रजीत करून घेते. ज्या शब्दाने बाजारात, बँकेत, शाळेत काम चालते तोच पडद्यावर असावा. त्यात मराठीचा अपमान नाही.

हे सगळे नुसते शौकिनांचे खेळ नाहीत, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. केरळ सरकारने २००१ मध्ये शाळांसाठी 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला, तो पुढे आझाद प्रणालीवर नेला. आज 'काइट' ही सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली, मल्याळम वापरता येणारी, शाळेच्या धड्यांना लागणारे कार्यक्रम आधीच भरलेली प्रणाली तयार करून देते आणि शिक्षकांना शिकवते. शिक्षकाने फर्मवेअर काय असते हे शिकावे अशी तिथे कुणी अपेक्षा ठेवली नाही. त्याच्या हातात चालणारी वस्तू ठेवली. आपल्या अंजुमनच्या शाळा, मदरशांतले संगणक वर्ग, मोहल्ल्यातल्या अभ्यासिका यांच्याकडे दान म्हणून आलेले जुने संगणक असतात. कित्येक ठिकाणी त्यांच्यावर चोरीची विंडोज चाललेली असते. ती चोरी आहे हे आपल्याला माहीत असते, पण इलाज काय म्हणून आपण पुढे जातो. इलाज आहे. एका जाणत्या मुलाचा एक रविवार आणि काही पेन ड्राइव्ह.

मात्र कुणाच्या घरी जाऊन लगेच विंडोज पुसू नका. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला लिनक्स सोयीचे नाही. डिजिटल सहीची किल्ली लावून सरकारी फॉर्म भरणाऱ्याने आधी ती किल्ली चालते का पाहावे. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमधल्या मराठी फाइली आधी बदलून घ्याव्या लागतील. छपाईची बहुतेक यंत्रे आता नुसती जोडली की चालतात, पण काही हट्टी असतातच.

माझी शिफारस लिनक्स मिंट. २ जीबी रॅमवर ते उभे राहते, ४ जीबी असेल तर सुखाने चालते. त्याची प्रत ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर घ्या, संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि पडद्यावर 'इन्स्टॉल' असे दिसेल त्याला हात लावू नका. मग भाच्याला बाजूला बसवा आणि खुर्चीवर अम्मींना किंवा दादांना बसवा. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर कागद सोडतो का, तिलावत वाजते का, सौदीतल्या मुलाशी व्हिडिओवर बोलणे होते का, मराठी आणि उर्दू नीट दिसते का, हे सगळे त्यांनाच करू द्या. भाच्याने एकदाही काळी खिडकी उघडायची नाही. कुठे अडले ते कागदावर लिहून ठेवा. तेवढ्या गोष्टींचा बंदोबस्त झाल्यावरच प्रणाली कायमची बसवायचा विचार करा, आणि त्याआधी घरातले फोटो व कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा. नाही जमले तर संगणक बंद करून पेन ड्राइव्ह काढून घ्यायचा. पुन्हा सुरू केला की विंडोज होती तशीच उघडते.